निकाल लागला, पण तो वाचायचा कुठे?

वाचकाचे पत्र (सारांशाने): आम्ही बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शेतकरी कुटुंबातले. मी स्वतः उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहे. धाकट्या चुलत्यांनी वडिलांवर वाटणीचा दावा लावला होता, त्याचा निकाल तीन आठवड्यांपूर्वी झाला. आमच्या वकिलांनी फोनवर ‘निकाल विरुद्ध गेला, कागद यायला वेळ लागेल’ एवढेच सांगितले. त्यानंतर कोणीतरी निकालाच्या दोन कन्नड पानांचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कन्नड आम्हाला बोलता येते, पण कोर्टाचे कन्नड वाचून कळत नाही. मधल्या काळात उताऱ्यावर चुलत्यांचे नाव चढलेले दिसले. महसूल कार्यालयात चौकशी केली, तर ‘तो आतला कागद आहे, देता येत नाही’ असे उत्तर मिळाले. निकाल आम्हाला स्वतः पाहता येतो का? मराठीत मिळतो का? आणि दुसऱ्याच्या दाव्याचा निकाल असा गावभर फिरवणे गुन्हा नाही का?

सल्ला:

आपण तीन प्रश्न विचारले आहेत. परंतु ज्या गोष्टीची सर्वांत जास्त घाई आहे ती पत्रात कुठेच नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. दिवाणी दाव्यातील हुकूमनाम्यावर (निकालानुसार निघणाऱ्या औपचारिक आदेशावर, म्हणजे ‘डिक्री’वर) जिल्हा न्यायालयात किंवा वरिष्ठ दिवाणी न्यायालयात अपील करायचे झाल्यास १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे ३० दिवस मिळतात आणि अपील थेट उच्च न्यायालयात जाणारे असेल तर ९० दिवस. आपले अपील कोणत्या न्यायालयात जाईल, हे दाव्याचे मूल्यांकन आणि निकाल देणारे न्यायालय यांवर ठरते व ते वकीलच सांगू शकतील. मात्र तीन आठवडे उलटले असताना मुदत ३० दिवसांचीच आहे असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. म्हणून हे उत्तर वाचल्यानंतर न्यायालय उघडेल त्या पहिल्या दिवशी वडिलांच्या सहीने निकालपत्र आणि हुकूमनामा या दोन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज द्यावा.

या अर्जाच्या तारखेला कायद्यात फार मोल आहे. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळण्यासाठी आवश्यक असलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. पण अर्ज देण्यापूर्वी न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला जे दिवस लागले ते वगळले जात नाहीत, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. म्हणजे आपण बाविसाव्या दिवशी अर्ज दिला आणि नक्कल पंधरा दिवसांनी तयार झाली, तर ते पंधरा दिवस आपल्या पदरात पडतात. ‘कागद यायला वेळ लागेल’ म्हणून अर्जच दिला नाही, तर एकही दिवस पदरात पडत नाही. कागद आपोआप येत नाही, तो मागावा लागतो. नकलेच्या पाठीमागे किंवा शेवटच्या पानावर अर्जाची तारीख, पैसे भरण्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख अशा नोंदी असतात, आणि अपिलाच्या वेळी मुदतीचा हिशेब याच नोंदींवरून होतो. शुल्क भरण्यात किंवा तयार झालेली नक्कल उचलण्यात आपल्याकडून जो उशीर होतो तो मात्र आपल्याच खात्यावर पडतो, त्यामुळे नक्कल विभागाच्या फलकावर आपला क्रमांक लागला की नाही हे पाहत राहावे.

नक्कल मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० मध्ये निकाल खुल्या न्यायालयात सांगावा असे आहे आणि त्याच आदेशाच्या नियम २० मध्ये पक्षकारांनी अर्ज केल्यास त्यांच्या खर्चाने निकाल व हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला द्याव्यात असे आहे. अर्जात दाव्याचा क्रमांक (आपल्याकडे ज्याला वकील ‘ओ.एस. नंबर’ म्हणतात तो), दोन्ही पक्षांची नावे, न्यायालयाचे नाव व निकालाची तारीख लिहायची असते. वडील स्वतः पक्षकार आहेत, त्यामुळे त्यांना वकिलाच्या सहीसाठी अडून राहण्याचे कारण नाही. वकिलांवर राग धरू नये, पण त्यांच्या फोनवर विसंबूनही राहू नये, असे माझे मत आहे. ‘विरुद्ध गेला’ या दोन शब्दांत वाटणीच्या दाव्याचा निकाल कधीच मावत नाही, आणि का मावत नाही ते पुढे सांगतो.

नक्कल हाती येईपर्यंत निकाल वाचायला काय हरकत आहे, असे आपण विचाराल, तर काहीच हरकत नाही. देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांची माहिती ‘ई-कोर्ट्स’ या सरकारी संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर विनामूल्य पाहता येते. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. कर्नाटकातील प्रकरणांचा तो ‘केए’ने सुरू होतो आणि त्याचे शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. जुन्या समन्सवर किंवा वकिलांच्या फाइलवर तो सापडला तर काम एका मिनिटाचे आहे. नसेल तर दाव्याच्या क्रमांकावरून, पक्षकाराच्या नावावरून किंवा वकिलांच्या नावावरूनही शोध घेता येतो. इथे आपल्या भागातील लोक हमखास अडतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बदलले असल्याने यादीत ‘बेळगाव’ शोधून उपयोग नाही, ‘बेळगावी’ शोधावे लागते. दुसरे म्हणजे नावांचे रोमन लिपीतील स्पेलिंग: मराठी घरात ‘मारुती’, ‘लक्ष्मण’ किंवा ‘विठ्ठल’ जसे लिहितात तसे ते कन्नड कारकुनाच्या हातून नोंदले गेलेले असेलच असे नाही. संपूर्ण नाव टाकण्याऐवजी सुरुवातीची तीन-चार अक्षरे आणि दाव्याचे वर्ष एवढेच टाकले, तर यादी लांब येते खरी, पण आपले प्रकरण त्यातून निसटत नाही.

प्रकरण उघडल्यावर तारखांची जंत्री दिसते आणि निकालपत्र चढवलेले असल्यास खाली त्याची प्रत मिळते. फौजदारी खटल्यांसाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत निकालाची प्रत शक्यतो सात दिवसांत न्यायालयाच्या पोर्टलवर चढवावी असे म्हटले आहे. दिवाणी निकाल मात्र कधी लगेच दिसतो, कधी बरेच दिवस दिसत नाही. तो दिसला तर उतरवून घ्यावा आणि सावकाश वाचावा. परंतु ही प्रत वाचनापुरतीच आहे हे विसरू नये. अपिलाला, उताऱ्यावरील हरकतीला किंवा बँकेला लागते ती न्यायालयाच्या शिक्क्याची नक्कल, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणे न्यायालयाचा अभिलेख हा सार्वजनिक दस्तऐवज असून त्याची प्रमाणित नक्कल हाच त्याचा पुरावा मानला जातो.

आता ग्रुपवर आलेल्या दोन पानांकडे वळू. निकालपत्राची दोनच पाने पाहून निकाल कळत नाही. दिवाणी निकालपत्रात प्रकरणाची थोडक्यात हकिगत, न्यायालयाने काढलेले वादमुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरील निष्कर्ष, त्याची कारणे आणि अखेरीस आदेश असा क्रम असतो. आपण आधी शेवटचे पान वाचावे, मग वादमुद्दे व त्यांसमोरील ‘होकारार्थी’, ‘नकारार्थी’ किंवा ‘अंशतः होकारार्थी’ अशी उत्तरे पाहावीत आणि त्यानंतर कारणांकडे वळावे. वाटणीच्या दाव्यात तर पहिला हुकूमनामा बहुधा प्राथमिक असतो, म्हणजे त्यात कोणाचा किती हिस्सा एवढेच ठरते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष सरस-निरस मानाने वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. आपल्या चुलत्यांना अर्ध्या हिश्शाचा प्राथमिक हुकूमनामा मिळाला असेल, तर गावात ‘अमुक शेत आता त्यांचे’ असे जे सांगितले जात आहे त्याला निकालात आधार असेलच असे नाही. तो आधार आहे की नाही हे आदेशाच्या परिच्छेदावरूनच कळेल, आणि बहुतेक वेळा लोकांनी ग्रुपवर टाकलेल्या पानांत नेमका तोच परिच्छेद नसतो.

उताऱ्याची गोष्ट न्यायालयापासून वेगळी ठेवावी, कारण तिथला निर्णय महसूल अधिकाऱ्याचा आहे आणि तो मिळवण्याची वाटही वेगळी आहे. कर्नाटक भू-महसूल अधिनियम, १९६४ च्या कलम १२९ प्रमाणे फेरफार नोंदवहीत नोंद केली की तिची पूर्ण प्रत चावडीत दर्शनी जागी लावावी लागते आणि हक्कनोंदीवरून ज्यांचा संबंध दिसतो अशा सर्वांना लेखी सूचना द्यावी लागते. कोणी हरकत घेतली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन चौकशी करावी लागते. म्हणजे ज्या कागदाला ‘आतला’ म्हटले गेले, त्याची प्रत चावडीच्या भिंतीवर लावायची असे कायदाच सांगतो. आपल्या वडिलांचे नाव उताऱ्यावर होते, तेव्हा त्यांना सूचना निघाली होती का, कोणत्या तारखेला निघाली आणि ती कोणी स्वीकारली, हे तीन प्रश्न निर्णायक आहेत.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. २००५ च्या या कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे कार्यालयाचे स्वतःहून करायचे कर्तव्य आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख केला की ‘देता येत नाही’ या उत्तराला आधार राहत नाही. आपण पुढील कागद मागावेत: फेरफार नोंदवहीतील संबंधित नोंद, तिच्यासोबत जोडलेली कागदपत्रे, वडिलांना काढलेली सूचना व तिची पोच, आणि नोंद मंजूर करताना फाइलवर लिहिलेल्या टिपण्या. कर्नाटकात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, आणि इथल्या नियमांत एक अट आहे जी अर्ज लिहिणाऱ्या अनेकांना माहीत नसते: एका अर्जात एकच विषय असावा आणि तो सर्वसाधारणपणे १५० शब्दांहून मोठा नसावा. आपली हकिगत, चुलत्यांचा स्वभाव, कारकुनाचे वागणे हे सगळे वगळून फक्त कागदांची नावे लिहावीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे; न आल्यास किंवा नकार आल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरे. फेरफाराच्या नोंदीविरुद्धचे अपील मात्र असिस्टंट कमिशनर यांच्याकडे भू-महसूल अधिनियमाच्या कलम १३६ खाली स्वतंत्रपणे करावे लागते आणि त्यालाही मुदत असते, म्हणून माहितीची वाट पाहत ते लांबवू नये. महसुली प्रकरणांचे आदेश आता कर्नाटक महसूल खात्याच्या प्रकरण-देखरेख संकेतस्थळावरही पाहता येतात, तिथेही एकदा नजर टाकावी.

हाच माहिती अधिकाराचा अर्ज दिवाणी न्यायालयातही करून टाकावा, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो मानू नये. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात असे ठरवले आहे की, न्यायिक अभिलेखाच्या नकला मिळवण्याची न्यायालयाच्या नियमांत तरतूद असेल तर त्या त्याच नियमांखाली मागाव्यात, माहिती अधिकाराखाली नव्हे. प्रकरणात पक्षकार नसलेल्या व्यक्तीलाही न्यायालयातून नक्कल मागता येते, परंतु ती का हवी याचे कारण तिने सांगावे अशी अपेक्षा असते. आपण मुलगा म्हणून अर्ज न करता वडिलांच्या नावाने करावा असे मी वर म्हटले ते यासाठीच.

आता भाषेचा प्रश्न, आणि त्याचे सरळ उत्तर देणे मला भाग आहे. आपल्या दाव्याचा निकाल न्यायालयाकडून मराठीत मिळणार नाही. कर्नाटकातील कनिष्ठ न्यायालयांचे काम कन्नड व इंग्रजीत चालते आणि उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत असते. मराठीत अधिकृतपणे वाचायला मिळतात ते सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल. ते न्यायालय जानेवारी २०२३ पासून १९५० पासूनचे आपले अधिकृत निकालसंग्रह ‘ई-एससीआर’ या नावाने विनामूल्य उपलब्ध करून देत आहे, आणि निवडक निकालांचे मराठीसह अनेक भाषांत भाषांतर करून ठेवत आहे. अशा प्रत्येक भाषांतरावर इंग्रजी पाठच अधिकृत समजावा अशी सूचना असते. (आपल्या सीमाप्रश्नाचा २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ याच न्यायालयात आहे, आणि त्यातील आदेश दाव्याच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येतात. सभांतून त्याविषयी जे सांगितले जाते त्यापेक्षा ते आदेश वाचलेले बरे.)

आपल्या निकालासाठी व्यवहार्य मार्ग असा की, नक्कल हाती आल्यावर कन्नड कायदेशीर मजकूर सफाईने वाचणाऱ्या एखाद्या वकिलांकडून किंवा निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्याकडून किमान आदेश आणि वादमुद्द्यांवरील निष्कर्ष यांचे मराठी टिपण लिहून घ्यावे, आणि तोंडी समजावून घेण्यावर भागवू नये. मोबाइलवरील यांत्रिक भाषांतर कल्पना येण्यापुरते ठीक आहे. परंतु वादी आणि प्रतिवादी यांची अदलाबदल झाली किंवा ‘अंशतः’ हा एक शब्द गळला, तरी घरात उगीच दिवाळी किंवा सुतक होते.

माहिती अधिकाराच्या अर्जातही भाषा सांभाळावी लागेल. कायद्याच्या कलम ६ मध्ये अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा असे आहे, आणि इथली राजभाषा कन्नड आहे. दुसरीकडे संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(४) मध्ये माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा लक्षात घ्यावी असे म्हटले आहे, आणि एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरच्या अल्पसंख्याक-संरक्षणाच्या धोरणातच मान्य झालेले आहे. हे हक्क आपण बजावावेत, आणि अवश्य बजावावेत. जिल्हाधिकाऱ्यांना आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना मराठीत निवेदन द्यावे. पण ज्या अर्जावर ३० दिवसांचे घड्याळ चालू आहे तो मात्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्येच द्यावा, कारण तो भाषेच्या कारणावरून परत आला तर नुकसान आपल्या जमिनीचे होईल.

उरला निकाल गावभर फिरवण्याचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे न्यायालयाचा निकाल किंवा आदेश जसाच्या तसा पुन्हा छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, मात्र न्यायालयाने तशी मनाई केलेली नसावी. ‘इंडियन कानून’सारखी संकेतस्थळे हजारो निकाल विनामूल्य वाचायला देऊ शकतात ती याच आधारावर. बंधने आहेत ती विशिष्ट प्रकारच्या प्रकरणांत: लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख, बालकांची प्रकरणे आणि बंद दालनात चाललेले वैवाहिक वाद उघड करता येत नाहीत. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका महिलेचे नाव इंटरनेटवरील शोधात येऊ नये म्हणून ते झाकण्याचा आदेश दिला होता, पण त्याच वेळी प्रमाणित नकलेत ते राहील असेही स्पष्ट केले होते. वाटणीचा दावा यांपैकी कशातच बसत नाही, त्यामुळे त्या फोटोविरुद्ध पोलिसांत जाण्याने काही साधणार नाही. अर्धा निकाल दाखवून पूर्ण निकाल म्हणून सांगितला जात असेल, तर संपूर्ण आदेश त्याच ग्रुपवर टाकणे एवढे पुरे आहे, आणि ते नक्कल हाती आल्यानंतरच करावे.

प्रकरण पुढे दुसऱ्या अपिलात गेले तर ते धारवाडला जाईल. कर्नाटक उच्च न्यायालयाचे तेथील फिरते खंडपीठ २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्यापासून निपाणी-चिकोडीकडील अनेक जण आपले प्रकरण तिकडे नेता येईल का असे विचारतात. कर्नाटकातील न्यायालयांच्या निकालांशी त्या खंडपीठाचा काही संबंध नाही. धारवाडच्या निकालांवर वर्षाच्या आकड्यापुढे ‘केएचसी-डी’ अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो, त्यावरून समोर आलेला निकाल खरा आहे की नाही हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येते.

खर्चाची अडचण असेल तर तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील लोकांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. आपल्या आईचे किंवा बहिणीचे नावही दाव्यात प्रतिवादी म्हणून असेल, तर त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही.

नक्कल मिळाल्यावर शेवटच्या पानावरील आदेश आणि पाठीमागच्या तारखांच्या नोंदी यांची छायाप्रत काढून ठेवावी आणि मूळ नक्कल, पावती घेतल्याशिवाय, कोणाच्याही हाती देऊ नये, आपल्या वकिलांच्याही नाही.